मर्यादित आवृत्ती : ग्रंथ कोणासाठी?

ग्रंथव्यवहारात ‘विशेष मर्यादित आवृत्ती’ नावाचा एक प्रकार आहे. एखाद्या पुस्तकाच्या शंभर, दोनशे किंवा तीनशेच प्रती काढायच्या. त्यांना चामड्याची किंवा रेशमी कापडाची बांधणी करायची. खास कागद वापरायचा. प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालायचा. शक्य असेल तर लेखकाची स्वाक्षरी घ्यायची आणि साध्या प्रतीच्या दहापट-वीसपट किंमत लावायची. ही आवृत्ती पुन्हा निघणार नाही, असे आश्वासनही ग्राहकाला दिले जाते. किंबहुना हे आश्वासन हाच या व्यवहाराचा प्राण असतो. ग्राहक कागदाचे आणि बांधणीचे पैसे देतो तसेच ‘दुसऱ्याजवळ हे नाही’ या समाधानाचेही पैसे देतो. पुढे त्या प्रतीची किंमत वाढली तर तो ती विकतो, आणि पुस्तकाचा भाग बाजारातल्या समभागासारखा चढतो-उतरतो.

हा प्रकार नैतिक की अनैतिक? सरसकट उत्तर देणे सोपे आहे, पण ते उपयोगाचे नाही. कोणी हौसेने महाग घड्याळ घेतो, कोणी महाग पुस्तक घेतो. त्यात आपले काय गेले, असे एक बाजू म्हणेल. ज्ञानाचा बाजार मांडला, असे दुसरी बाजू म्हणेल. दोन्ही बाजू अर्ध्यावर थांबतात. महाग घड्याळ घेणाऱ्यामुळे दुसऱ्याची वेळ बंद पडत नाही. ग्रंथाचे तसे नाही. ग्रंथ ही वस्तू आहे, आणि त्या वस्तूच्या आत एक संहिता आहे. वस्तू एकाची होऊ शकते. संहिता एकाची होऊ शकत नाही, निदान होऊ नये. मर्यादित आवृत्तीचा सगळा नैतिक प्रश्न या एका भेदावर उभा आहे. मर्यादा कशाला घातली जात आहे, वस्तूला की संहितेला? याचे उत्तर मिळाले की त्या आवृत्तीविषयी काय म्हणायचे तेही ठरते.

हा प्रश्न आपला का?

दलित चळवळीच्या नियतकालिकाने श्रीमंत संग्राहकांच्या हौशीची चर्चा कशासाठी करावी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. या देशातील सर्वांत जुनी आणि सर्वांत दीर्घकाळ चाललेली मर्यादित आवृत्ती म्हणजे वेद होय. तिच्यावर क्रमांक नव्हता. जन्म हाच क्रमांक होता. शूद्राने वेद कानावर पडू दिला तर त्याच्या कानांत वितळलेले कथील आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. हे वचन प्रत्यक्षात किती वेळा अमलात आले हा वेगळा मुद्दा आहे. असा नियम लिहून ठेवावासा वाटला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्ञान दुर्मिळ ठेवले की ते जवळ बाळगणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते, हे गणित येथल्या पुरोहितवर्गाला छापखाना येण्यापूर्वी दोन हजार वर्षे कळले होते.

छापखान्याने त्या गणिताला पहिला मोठा धक्का दिला. एकाच मजकुराच्या हजार प्रती निघू लागल्या आणि प्रत विकत घेणाऱ्याची जात विचारणे यंत्राला जमेना. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापून काढली ती या यंत्राच्या बळावर. म्हणून छापील पुस्तक आपल्या दृष्टीने केवळ करमणुकीचे साधन नाही. ते बंदी मोडण्याचे साधन आहे. ज्या साधनाने कृत्रिम दुर्मिळता मोडली त्याच साधनाने ती पुन्हा निर्माण केली जात असेल, तर आपण तिच्याकडे परक्याची हौस म्हणून पाहू शकत नाही.

अर्थात जातीने घातलेली बंदी आणि किंमतीने घातलेली मर्यादा या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पैसा मिळवता येतो, जात बदलता येत नाही. परंतु ज्या समाजात पैसा जातीच्या उतरंडीनेच वाटला गेला आहे, तेथे किंमतीची भिंत बहुतेक त्याच जागी उभी राहते जेथे पूर्वी जातीची भिंत होती, हेही विसरता येत नाही.

किंमत कशी ठरते

येथे ग्रंथनिर्मितीच्या हिशेबाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण कार्यकर्ते आणि विद्यार्थी यांच्या मनात त्याविषयी पुष्कळ गैरसमज असतात. पुस्तकाचा खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला एकदाच करावयाचा : अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, संपादन, चित्रे, मुखपृष्ठ, प्लेट. प्रत एक काढा की दहा हजार, हा खर्च तेवढाच. दुसरा प्रत्येक प्रतीमागे वाढणारा : कागद, छपाई, बांधणी, वाहतूक. समजा, एकदाच करावयाचा खर्च साठ हजार रुपये आहे आणि प्रतीमागचा खर्च ऐंशी रुपये. तीनशे प्रती काढल्या तर प्रत्येक प्रत दोनशे ऐंशी रुपयांना पडते. तीन हजार काढल्या तर शंभर रुपयांना. म्हणजे प्रती वाढल्या की पुस्तक स्वस्त होते आणि प्रती घटल्या की महाग होते. लोकावृत्तीचे आणि मर्यादित आवृत्तीचे अर्थशास्त्र असे एकमेकांच्या उलट दिशेने चालते.

आता समजा, त्याच पुस्तकाच्या दोनशे विशेष प्रती काढल्या, प्रत्येकीवर सहाशे रुपये खर्च केला आणि ती तीन हजारांना विकली. सगळ्या प्रती थेट विकल्या गेल्या तर चार लाख ऐंशी हजार रुपये शिल्लक राहतात. या रकमेतून साध्या आवृत्तीच्या बारा हजार प्रतींची किंमत प्रत्येकी चाळीस रुपयांनी कमी करता येते. किंवा ही सगळी रक्कम प्रकाशकाच्या खिशात जाऊ शकते. छपाई तीच, बांधणी तीच, ग्राहकही तोच. मात्र शिल्लक कोठे गेली यावर त्या व्यवहाराचे नैतिक स्वरूप पालटते. म्हणून महाग प्रत काढणारा प्रकाशक ‘यातून स्वस्त प्रत निघते’ असे म्हणत असेल, तर त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे. हिशेब नसेल तर तो युक्तिवाद केवळ जाहिरात ठरतो.

मॉरिसचा पेच

या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद दाखला इंग्लंडमधला आहे. विल्यम मॉरिस हा कवी, कारागीर आणि समाजवादी. १८८४ च्या अखेरीस सोशालिस्ट लीग स्थापन करणाऱ्यांत तो होता आणि ‘कॉमनवील’ या तिच्या मुखपत्राचा संपादक होता. या पत्राची किंमत एक पेनी. १८९० मध्ये याच पत्रातून त्याची ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही कादंबरी क्रमशः आली. खाजगी मालमत्ता आणि पैसा नाहीसा झालेल्या भावी इंग्लंडचे चित्र तिच्यात आहे. १८९१ मध्ये तिची कागदी बांधणीची आवृत्ती एका शिलिंगला निघाली.

त्याच वर्षी मॉरिसने लंडनजवळ हॅमरस्मिथ येथे केल्मस्कॉट प्रेस सुरू केला. यंत्रयुगातील ओंगळ छपाईला उत्तर म्हणून त्याने स्वतः अक्षरवळणे रेखाटली, हातकागद बनवून घेतला आणि हातछपाई केली. १८९२ चे वर्ष छापलेली ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ची आवृत्ती याच छापखान्यातून निघाली : कागदावर तीनशे प्रती, किंमत दोन गिनी, शिवाय दहा प्रती चर्मपत्रावर. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. म्हणजे पैसाच नसलेल्या समाजाची कथा एका शिलिंगलाही मिळत होती आणि बेचाळीस शिलिंगांनाही. १८९६ मध्ये या छापखान्याने चॉसरचे समग्र काव्य छापले. त्याच्या कागदी प्रती ४२५ होत्या आणि प्रत्येकीची किंमत वीस पौंड होती. चर्मपत्रावरील तेरा प्रतींची किंमत प्रत्येकी १२० गिनी. त्या काळी लंडनच्या साध्या मजुराची आठवड्याची कमाई एका पौंडाच्या आसपास असे. कला मूठभरांसाठी नसावी असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाच्या हातून मूठभरांनाच परवडतील अशी पुस्तके निघाली, ही वस्तुस्थिती आहे. त्याच्या टीकाकारांनी ती त्याच्या हयातीतच त्याच्यापुढे मांडली.

मॉरिसला दांभिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यात काही हाती लागत नाही. दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, हातकागद आणि हातछपाई यांचा खर्च खरा होता. किंमत बरीचशी श्रमाची होती, केवळ दुर्मिळतेची नव्हती. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ची पेनीची प्रत आधी आली, शिलिंगची प्रत नंतर, आणि गिनीची प्रत सर्वांत शेवटी. कामगार वाचकाच्या हाती संहिता पोचल्यावर संग्राहकाच्या हाती वस्तू गेली. क्रम उलटा असता तर गोष्ट वेगळी झाली असती. मॉरिसचा पेच सुटला असे म्हणता येत नाही, पण त्याने एक कसोटी आपल्या हाती दिली आहे : आधी कोण?

आठ आणे

आपल्या परंपरेत हा प्रश्न किती जुना आहे हे पाहावयाचे असेल तर १९३६ कडे वळावे लागते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून काही भाग गाळण्याची मागणी केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारल्यावर परिषदच रद्द केली. न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ते हेच. इंग्रजी आवृत्तीच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या, असे बाबासाहेबांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. गुजराती आणि तमिळ भाषांतरे तोवर झाली होती; मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम भाषांतरे चालू होती.

या पुस्तकाची किंमत आठ आणे होती. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका लिहिली. त्या लेखनातच त्यांनी किंमतीचाही उल्लेख केला आणि ती दोन आणे, निदान चार आणे करावी असे सुचविले. बाबासाहेब आणि गांधीजी यांच्यातील वैचारिक संघर्ष येथे उगाळण्याचे कारण नाही. परंतु या तपशिलात एक अर्थ आहे. पुस्तक किती आण्यांना मिळते हा प्रश्न त्यातील विचाराइतकाच सार्वजनिक आहे, हे विरोधी मत मांडणाऱ्यालाही वाटत होते. आठ आण्यांवर चर्चा होत होती तो काळ आणि हजारो रुपयांच्या क्रमांकित प्रतीवर कोणी चकार शब्द काढत नाही तो काळ, यांत किती अंतर पडले आहे!

त्या पंधराशे प्रतीही ‘मर्यादित’च होत्या. त्या मर्यादित होत्या, कारण छापणाऱ्याचे साधन मर्यादित होते. संपल्याबरोबर दुसरी आवृत्ती काढण्याची तजवीज झाली, आणि त्या आवृत्तीत गांधीजींची टीका व तिला दिलेले उत्तरही जोडले गेले. पहिल्या आवृत्तीच्या प्रती दुर्मिळ राहाव्यात म्हणून दुसरी थांबविली गेली नाही. साधनांच्या अभावी येणारी मर्यादा हे दारिद्र्य आहे. त्याची लाज नको. मागणी असताना, साधन असताना, मुद्दाम घातलेली मर्यादा हे व्यापारी धोरण आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला जातो म्हणून फसता कामा नये.

पैसा उभा करण्याची अडचण खरी आहे, हे बाबासाहेबांइतके कोणी अनुभवले नसेल. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ छापण्यास सुमारे वीस हजार रुपये लागणार होते आणि ते त्यांच्या आवाक्याबाहेर होते. सरकारने सुमारे पाचशे प्रती विकत घ्याव्यात, त्या ग्रंथालयांना आणि बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीवर्षात येणाऱ्या विद्वानांना द्याव्यात, अशी त्यांची विनंती होती. दुसऱ्याच दिवशी नेहरूंनी उत्तर दिले : यासाठी राखून ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र जयंती समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवीत आहे; जयंतीच्या वेळी पुस्तक विक्रीस ठेवावे. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पत्रातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. आगाऊ विक्रीतून पैसा उभा करणे बाबासाहेबांना गैर वाटले नाही. परंतु त्या पाचशे प्रती त्यांना हव्या होत्या त्या ग्रंथालयांसाठी आणि अभ्यासकांसाठी, म्हणजे जेथे एक प्रत अनेकांच्या हाती जाते अशा ठिकाणी. संग्राहकाच्या कपाटातील पाचशे प्रती आणि ग्रंथालयातील पाचशे प्रती हिशेबात सारख्या दिसतील. समाजाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

छत्रपती शाहू महाराजांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले, त्याच्या बदल्यात सोनेरी अक्षरांचा खास अंक मागितला नाही. आणि राजाश्रयाशिवायही मार्ग निघतो, हे १९७० च्या दशकात ‘ग्रंथाली’च्या वाचक चळवळीने दाखविले. वाचकांनी सभासद होऊन आधी पैसे भरायचे आणि त्या बळावर कमी किंमतीत पुस्तके काढायची, ही तिची रीत. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये याच मार्गाने वाचकांपर्यंत गेले. दलित आत्मकथन महाराष्ट्राच्या घराघरांत गेले ते क्रमांकित प्रतींच्या रूपाने गेले नाही.

दोन दुर्मिळता

वस्तूची दुर्मिळता आणि संहितेची दुर्मिळता यांतील भेद दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. दोन्ही बाबासाहेबांशी निगडित आहेत.

पहिले उदाहरण भारताच्या संविधानाचे. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी ती सजविली. तिच्या एक हजार प्रती देहरादूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाने छापल्या. त्यांपैकी एक प्रत जुलै २०२४ मध्ये लिलावात अठ्ठेचाळीस लाख रुपयांना गेली. यावर संतापावे काय? मला तसे वाटत नाही. त्या हजार प्रती दुर्मिळ असल्या तरी संविधान दुर्मिळ झालेले नाही. तेच कलम १७, तेच कलम ३२, साध्या छपाईच्या पुस्तिकेत कोठेही मिळते आणि शासनाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. अठ्ठेचाळीस लाख देणाऱ्याला एकही कलम जास्त मिळालेले नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम त्याच्या प्रतीत जेवढे आहे तेवढेच झोपडपट्टीतल्या विद्यार्थ्याच्या दहा वेळा दुमडलेल्या प्रतीतही आहे. येथे मर्यादा वस्तूला आहे, संहितेला नाही.

दुसरे उदाहरण ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या ग्रंथमालेचे. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये त्यासाठी समिती नेमली, वसंत मून यांच्या संपादनाखाली १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड आला आणि स्वस्त किंमतीमुळे हे खंड देशभरातील कार्यकर्त्यांचे शस्त्रागार बनले. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे या खंडांसाठी रांगा लागत आल्या आहेत. पण पुढे काय झाले? डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ‘लोकसत्ता’तील वृत्ताची स्वतःहून दखल घ्यावी लागली. मागणी ध्यानात घेऊन नऊ लाख प्रती छापण्याचे ठरले होते, पाच कोटी पंचेचाळीस लाख रुपयांचा कागद घेतला गेला होता. आणि चार वर्षांत छापल्या गेल्या होत्या केवळ तेहतीस हजार प्रती, असे त्या वृत्तात म्हटले होते. येथे कोणी क्रमांक घातला नाही, कोणी चामड्याची बांधणी केली नाही. तरीही ही मर्यादित आवृत्तीच झाली, आणि तीही संहितेची. नफेखोर प्रकाशकावर बोट रोखताना कागद गोदामात ठेवून वाचकाला ताटकळत ठेवणाऱ्या यंत्रणेकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की धोका निर्माण होतो. स्वस्त प्रत मिळत नाही आणि देखणी महाग प्रत मात्र दुकानात आहे, अशी स्थिती आली की गरीब वाचक ग्रंथाबाहेर पडतो. कायद्याची स्थितीही ध्यानात ठेवावी. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवरील कॉपीराइट त्यांच्या निधनानंतर साठ वर्षांनी, म्हणजे २०१६ च्या अखेरीस संपला. त्यामुळे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आज कोणीही छापू शकतो : दहा-वीस रुपयांची पुस्तिका काढणारा कार्यकर्ताही आणि भारी किंमतीची आवृत्ती काढणारा व्यापारीही. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत मात्र प्रथम प्रकाशनापासून मोजली जाते. १९८७ मध्ये चौथ्या खंडात आलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’सारख्या लेखनाचे हक्क म्हणूनच अद्याप मोकळे नाहीत. तेथे शासनाने छापले नाही तर वाचकाला छापील प्रतीचा दुसरा सरळ मार्ग राहत नाही. हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करून देण्यात आले, ही चांगली गोष्ट झाली. तथापि सहाशे पानांचा खंड मोबाइलच्या काचेवर वाचणे आणि तो वस्तीच्या वाचनालयात पेन्सिलीने खुणा करीत वाचणे यांत फरक आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातूनच येतो, आणि तो गंभीर आहे. दलिताने कायम रद्दी कागदावरचीच पुस्तके वाचावीत काय? आज शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या दलित कुटुंबाला आपल्या दिवाणखान्यात बाबासाहेबांचा ग्रंथ देखण्या रूपात ठेवावासा वाटला तर त्यात चूक काय? काहीच चूक नाही. बाबासाहेब स्वतः ग्रंथवेडे होते. दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ त्यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा व्हावी या दृष्टीने बांधले. सौंदर्य ही अभिजनांची मक्तेदारी नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले कपडे आणि उरलेले अन्न दिले गेले त्यांनी उतरलेल्या दर्जाची पुस्तके का पत्करावीत? पण याचे खरे उत्तर महाग प्रत हे नाही. शुद्ध छपाई, डोळ्यांना न शिणवणारा टाइप, शिवलेली टिकाऊ बांधणी आणि काळजीपूर्वक मुद्रितशोधन हे सर्वच प्रतींना मिळाले पाहिजे. मुद्रणदोषांनी भरलेली लोकावृत्ती आणि निर्दोष विशेष आवृत्ती अशी विभागणी जो प्रकाशक करतो, तो वाचकांची उतरंडच बनवतो.

दुसरा आक्षेप लेखकाच्या बाजूने येतो. दलित लेखकाच्या हाती मानधन पडते किती? त्याने आपल्या कवितासंग्रहाच्या शंभर स्वाक्षरीच्या प्रती अधिक किंमतीला विकून चार पैसे मिळवले तर चळवळीने नाक मुरडावे काय? मुळीच नाही. लेखकाला उपाशी ठेवून साधलेली स्वस्ताई ही वेठबिगारीच होय. आपल्याला एवढेच विचारावयाचे आहे की त्या जादा किंमतीतील किती भाग लेखकाला मिळाला? स्वाक्षरी त्याची, अनुभव त्याचा, यातना त्याच्या समाजाची आणि नफा मात्र दुसऱ्याचा, अशी वाटणी असेल तर तिच्या विरोधात लेखकानेच प्रथम बोलले पाहिजे.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. दोनशे हौशी लोकांना वेगळी प्रत दिल्याने गरिबाचे काय जाते? प्रत वेगळी असली तर काही जात नाही. मजकूर वेगळा असला तर जाते. विशेष आवृत्तीत जास्तीची प्रस्तावना, अप्रकाशित पत्रे, दुर्मिळ छायाचित्रे घालून ती साध्या आवृत्तीतून वगळण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. येथे वस्तूच्या आडून संहिताच विकली जाते. चळवळीच्या साधनांच्या बाबतीत हे अक्षम्य आहे. सभेचा वृत्तांत, कार्यकर्त्याचे पत्र, सत्याग्रहाचे छायाचित्र ही एका ग्राहकाला पुरवायची चीज नव्हे. ती समाजाची स्मृती आहे.

कसोट्या

या विवेचनातून काही कसोट्या निघतात. त्या कायदा म्हणून नव्हे, तर आपल्या संस्था, आपली नियतकालिके आणि आपले प्रकाशक यांनी स्वतःवर घालून घ्यावयाचा दंडक म्हणून मांडतो.

पहिली कसोटी क्रमाची. विशेष आवृत्ती निघण्यापूर्वी, निदान तिच्याबरोबर, त्याच ग्रंथाची सर्वसामान्य वाचकाला परवडणारी आवृत्ती बाजारात असली पाहिजे आणि विशेष आवृत्ती संपल्यावरही ती मिळत राहिली पाहिजे.

दुसरी संहितेची. विशेष प्रतीत कागद, बांधणी, स्वाक्षरी वेगळी असावी. एकही ओळ, एकही चित्र जास्त नसावे.

तिसरी हिशेबाची. प्रती किती, किंमत किती, खर्च किती, लेखकाला किती आणि उरलेले कोठे गेले, हे जाहीर करावे. स्वस्त आवृत्तीसाठी पैसा उभारतो असे म्हणणाऱ्याने स्वस्त आवृत्तीच्या प्रतींचा आकडा सांगावा.

चौथी ग्रंथालयाची. प्रत्येक विशेष आवृत्तीतील काही प्रती सार्वजनिक ग्रंथालयांना विनामूल्य द्याव्यात. देखणी वस्तू पाहण्याचा आनंदही सर्वांचा आहे.

पाचवी भाषेची. ‘शेवटच्या काही प्रती’, ‘आता नाही तर कधीच नाही’ अशी भीती घालून ग्रंथ विकू नये. आणि आपल्या यातनांना शोभेची वस्तू बनविणारी जाहिरात तर कोणत्याही कारणासाठी करू नये. गावकुसाबाहेरच्या जिण्याची कहाणी रेशमी पेटीत घालून ‘संग्राह्य’ म्हणून विकली जाते तेव्हा तिच्यातील विद्रोहाचा पहिला बळी जातो.

या पाच कसोट्यांना उतरणारी विशेष आवृत्ती खुशाल काढावी. श्रीमंताच्या हौशीतून गरिबाच्या हाती पुस्तक जात असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. न उतरणारी आवृत्ती कितीही पुरोगामी नावाने निघाली तरी तिला नकार द्यावा.

आणि हे काम केवळ प्रकाशकांचे नाही. शिक्षकांनी आपल्या शाळा-महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आंबेडकर-फुले वाङ्मयाच्या किती प्रती आहेत आणि त्या कुलपात आहेत की मुलांच्या हातात, हे तपासावे. विद्यार्थ्यांनी पाच-दहा जणांनी मिळून एक खंड घ्यावा आणि पाळीपाळीने वाचावा. कार्यकर्त्यांनी शासनाकडे खंडांच्या छपाईचा हिशेब दरवर्षी मागावा, एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये केवळ हार घालून थांबू नये. जयंतीच्या वर्गणीतील काही भाग वस्तीच्या वाचनालयातील पुस्तकांसाठी राखून ठेवावा. मागणी संघटित झाली की आवृत्ती मोठी निघते, आवृत्ती मोठी निघाली की किंमत उतरते. वर मांडलेले साधे गणित आपल्याही कामी येऊ शकते.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याची बंदी होती त्यांची मुले आज ग्रंथ लिहीत आहेत, छापीत आहेत, विकत आहेत. विकणाऱ्याच्या जागी आपण आलो म्हणून दुर्मिळतेचा जुना धंदा आपण नव्या बांधणीत चालवावयाचा काय, हा प्रश्न आता आपल्यालाच विचारला जाणार आहे. आपली आवृत्ती किती प्रतींची, यापेक्षा ती कोणाकोणाच्या हाती गेली, हे सांगता आले पाहिजे.